जुन्या ट्रॅक्टर-जीपची वायरिंग आणि फ्यूज



मुळशीचा पाऊस तुम्हाला वेगळा सांगायला नको. माले ते ताम्हिणी या पट्ट्यात चिखलणीला उतरलेला ट्रॅक्टर पावसाळाभर ओलाच असतो. पुढं भात झोडून झालं की त्याच्याच ट्रॉलीत सुका पेंढा भरायचा. दिवस लहान, वाटेत अंधार पडतो, दिवे लावावे लागतात. पावसानं कुजलेली वायर, मागं पेंढा आणि फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी, एवढं जमलं की आगीला दुसरं काही लागत नाही.

पुष्कळजण म्हणतात, "बॅटरी बाराच व्होल्टची, हात लावला तरी झटका बसत नाही, मग भ्यायचं कशाला?" झटका बसत नाही हे खरं. पण वायर तापते ती करंटनं, आणि स्टार्टर फिरवताना हीच बॅटरी शेकडो अँपिअर देते. आवरण घासून तांबं चॅसिसला टेकलं, की तसाच मोठा करंट बारीक वायरीतून धावतो. आवरण वितळतं, शेजारच्या वायरीही उघड्या पडतात. फ्यूज नेमका इथं कामाला येतो. वायर तापायच्या आत तो स्वतः वितळून वाट बंद करतो.

आता हिशेब बघा. हेडलाइटचे 55 वॅटचे दोन बल्ब म्हणजे 110 वॅट. त्याला 12 नं भागा, नऊ अँपिअरच्या थोडं वर येतं. 15 चा फ्यूज पुरतो. त्या जागी अर्धा मिलिमीटर जाडीची तांब्याची तार घातली, तर ती 25 अँपिअरच्या पुढं गेल्याशिवाय वितळत नाही. दोन पेड पिळून घातले तर बोलायलाच नको. फ्यूज शाबूत आणि वायर जळालेली, असा उलटा प्रकार होतो.

फ्यूज रंगावरून घेऊ नका. पात्याच्या फ्यूजमध्ये लाल म्हणजे 10 आणि निळा 15. जुन्या चिनी मातीच्या फ्यूजमध्ये मात्र लाल 16 आणि निळा 25! आकडा वाचूनच घ्या. चार जादा फ्यूज टूलबॉक्समध्ये ठेवा, खर्च चहापाण्याइतका.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर मोठा घालू नका, दोष शोधा. युक्ती सोपी आहे. त्या लाइनवरचे सगळे बल्ब काढून ठेवा. फ्यूजच्या जागी 12 व्होल्टचा, 21 वॅटचा इंडिकेटरचा बल्ब दोन वायरींनी जोडा आणि स्विच चालू करा. बल्ब पेटला, म्हणजे वायर कुठंतरी बॉडीला लागली आहे. मग हार्नेस हातानं हळूहळू हलवत जा. जिथं बल्ब लुकलुकेल किंवा विझेल, तिथं दोष. बहुधा पत्र्याच्या भोकातलं रबर गेलेलं असतं, नाहीतर उंदरांनी कुरतडलेलं असतं. भात घरात आलं की उंदीरही येतात, आणि शेडमधल्या ट्रॅक्टरचं बॉनेट त्यांना ऊबदार घर वाटतं. म्हणून सुगीनंतर एकदा बॉनेट उघडून बघाच.

दिवा मंद लागतो तेव्हा आधी अर्थ बघा. चॅसिसवरचा नट गंजलेला असतो. तो काढून, जागा घासून पुन्हा आवळा. जादा दिवे लावायचेच असतील तर रिले आणि बॅटरीजवळ स्वतंत्र फ्यूज हवा. 100 वॅटचे दोन बल्ब सोळा-सतरा अँपिअर ओढतात, जुना स्विच त्यात जळतो.

वायरिंगला हात लावण्याआधी बॅटरीची चॅसिसला जोडलेली केबल काढा, जोडताना ती शेवटी जोडा. बहुतेक गाड्यांत ती निगेटिव्ह असते. काही फार जुन्या ट्रॅक्टरांत पॉझिटिव्ह चॅसिसला असते, तेव्हा खात्री करा. स्टार्टरच्या जाड केबलला बहुधा फ्यूज नसतोच. ती कुठं घासत नाही ना, हे जास्त जपून पहा.

धूर दिसला तर इंजिन बंद करा, जमल्यास केबल काढा, ट्रॉली सोडवून लांब करा. डिझेलच्या आगीवर पाणी ओतू नका. कोरडी माती किंवा पावडरचा अग्निशामक वापरा. आग हाताबाहेर जाते असं दिसलं तर ट्रॅक्टर सोडून माणसं दूर न्या.