माहितीचा बाजार आणि नागरिकाचा खाजगीपणा

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जाणाऱ्या गृहिणीला तिचा नेहमीचा दुकानदार ओळखतो. तिच्या घरी कोणता तांदूळ लागतो, चतुर्थीला गूळ किती जातो, हे त्याला पाठ असते. या ओळखीत वावगे काहीच नाही. ती दोघांच्याही सोयीची असते. परंतु एखादा अनोळखी इसम वही घेऊन तिच्या मागोमाग फिरू लागला, ती कोणत्या दुकानापाशी किती वेळ थांबली, कशाचा भाव विचारून परत फिरली, औषधाच्या दुकानातून तिने काय नेले, याची नोंद करू लागला आणि सायंकाळी ती वही दहा व्यापाऱ्यांना विकू लागला, तर सारा बाजार त्याला जाब विचारील. मोबाइलच्या पडद्यावर नेमके हेच दररोज घडत असते. फरक इतकाच की, तो इसम दिसत नाही आणि म्हणून त्याला जाबही कोणी विचारीत नाही.

फुकट सेवेचे मोल

नकाशे, टपाल, चित्रफिती, निरोप पाठविण्याची साधने अशा कितीतरी सेवा इंटरनेटवर पैसे न मोजता मिळतात. त्यांचा खर्च जाहिरातदार भागवितात. गुगलची मालक असलेल्या अल्फाबेट या कंपनीचे सुमारे तीन-चतुर्थांश उत्पन्न जाहिरातींचे आहे. फेसबुक, इन्स्टाग्राम व व्हॉट्सॲप चालविणाऱ्या मेटा कंपनीचे तर जवळजवळ सर्वच उत्पन्न जाहिरातींतून येते. वर्तमानपत्रातील जाहिरात सर्व वाचकांना सारखीच दिसते. मोबाइलवरील जाहिरात मात्र माणूस पाहून दाखविली जाते. साहजिकच त्या माणसाविषयीची माहिती हेच या व्यवसायाचे भांडवल ठरते.

नोंद कशी होते?

या व्यवस्थेचा एक पाया ‘कुकी’ हा आहे. १९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी ही युक्ती योजिली. संकेतस्थळ आपल्याकडे आलेल्याच्या यंत्रात एक लहानशी खूण ठेवते आणि तो पुन्हा आला की त्या खुणेवरून त्याला ओळखते. मूळ हेतू निर्मळ होता. परंतु एकाच पानावर संकेतस्थळाच्या मजकुराबरोबर जाहिरात कंपनीचाही तुकडा असतो आणि तोही आपली खूण ठेवू शकतो. तीच कंपनी हजारो पानांवर हजर असल्यामुळे तिला एकाच व्यक्तीचा माग सर्वत्र काढता येतो. मोबाइलमधील ॲपच्या बाबतीत हे काम जाहिरातीसाठी दिलेला ओळखक्रमांक करतो. पान उघडत असतानाच त्यावरील जाहिरातीच्या जागेचा लिलाव क्षणार्धात होतो आणि समोरची व्यक्ती कोण, कोठली, तिला कशाची गरज असावी, हे पाहून बोली लावली जाते.

यातील एकेक नोंद क्षुल्लक वाटते. पण थेंबे थेंबे तळे साचते. शोधलेल्या औषधांवरून आजार कळतो, फिरण्याच्या नोंदीवरून घर व कामाचे ठिकाण कळते, कर्जाच्या चौकशीवरून अडचण कळते. अडचणीतील शेतकऱ्याने एकदा कर्जाची चौकशी केली की, झटपट कर्ज देऊ करणाऱ्यांच्या जाहिराती त्याचा पिच्छा पुरवू शकतात. अशी माहिती भामट्याच्या हाती पडल्यास तो नावागावानिशी बोलून विश्वास संपादन करतो. प्रश्न केवळ नकोशा जाहिरातींचा नसून माणसाच्या दुर्बल क्षणाचा लाभ कोणी उठवावा काय, हा आहे.

उद्योगातील घडामोडी

२०१९ मध्ये फायरफॉक्सने आणि २०२० मध्ये ॲपलच्या सफारीने माग काढणाऱ्या परक्या कुकींना अटकाव केला. गुगलनेही जानेवारी २०२० मध्ये आपल्या क्रोम ब्राउझरमधून त्या दोन वर्षांत हटविण्याची घोषणा केली. परंतु मुदत वारंवार पुढे ढकलून शेवटी एप्रिल २०२५ मध्ये तो विचार सोडून दिला. एप्रिल २०२१ पासून ॲपलने आयफोनमधील ॲपना माग काढण्यापूर्वी परवानगी विचारणे बंधनकारक केले. असंख्य लोकांनी नकार दिला आणि त्यामुळे २०२२ या एका वर्षात सुमारे १००० कोटी डॉलरचा फटका बसेल, असा अंदाज मेटाने स्वतःच वर्तविला. यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. स्पष्टपणे विचारले तर माणसे नाही म्हणतात. आणि उद्योगाच्या सदिच्छेवर सर्वस्वी विसंबून चालत नाही. त्यासाठी कायदा हवा.

कायद्याचे संरक्षण

सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने निर्णय दिला की, खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यानंतर २०२३ मध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा संमत केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मंडळाच्या स्थापनेविषयीच्या तरतुदी प्रथम लागू करण्यात आल्या असून संमती व हक्क यांविषयीच्या मुख्य तरतुदींसाठी अधिसूचनेपासून १८ महिन्यांचा अवधी ठेवण्यात आला.

या कायद्यानुसार संमती मोकळेपणाने, समजून-उमजून व विशिष्ट कामापुरतीच दिलेली असावी लागते. ती देणे जितके सोपे, तितकेच ती परत घेणेही सोपे असले पाहिजे. माहिती कशासाठी हवी, हे सांगणारी सूचना इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय द्यावी लागते. म्हणजे ती मराठीत वा कोकणीतही मागता येते. आपल्याविषयी कोणती माहिती साठविली आहे हे विचारण्याचा, ती दुरुस्त करून घेण्याचा व पुसून टाकण्यास सांगण्याचा हक्क नागरिकाला आहे. तक्रार प्रथम संबंधित संस्थेकडे व तेथे दाद न लागल्यास माहिती संरक्षण मंडळाकडे करावयाची आहे. माहितीच्या सुरक्षेत हयगय झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती लागते. मुलांचा माग काढणे आणि त्यांच्यावर रोखलेल्या जाहिराती दाखविणे यांना मनाई असून शाळा व रुग्णालये यांना नियमांत काही मर्यादित सवलती आहेत.

शिक्षक, कर्मचारी आणि नागरिक

हा विषय केवळ मोठ्या कंपन्यांचा नाही. लाभार्थींची यादी दूरध्वनी क्रमांकांसह व्हॉट्सॲपच्या गटावर टाकली जाते, विद्यार्थ्यांची छायाचित्रे व जन्मतारखा सर्रास प्रसृत होतात. यात हेतू वाईट नसतो, पण एकदा बाहेर पडलेली माहिती माघारी आणता येत नाही. काम भागेल एवढीच माहिती घ्यावी व ती कामापुरतीच ठेवावी, हा नियम कार्यालयांनी व शाळांनी पाळावा. पूर्ण क्रमांकाची गरज नसेल तेथे केवळ शेवटचे ४ अंक दाखविणारी आधारची प्रत पुरेशी मानावी.

नागरिकानेही काही साधी पथ्ये पाळावीत. विजेरीच्या ॲपने फोनमधील क्रमांकांची यादी मागितली, तर ती कशासाठी, असे स्वतःला विचारावे व नकार द्यावा. लोकेशनची परवानगी ॲप वापरीत असतानाच द्यावी. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये जाहिरातीचा ओळखक्रमांक पुसून टाकण्याची सोय असते. घरातील शिकत्या मुलांच्या मदतीने ती शोधावी. आर्थिक फसवणूक झाल्यास विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे.

घराला दार असते ते शेजाऱ्यावर अविश्वास म्हणून नव्हे. कोणाला आत घ्यावे, हे घरच्यांनी ठरवावे म्हणून ते असते. कायद्याने त्या दाराला कडी बसविली आहे. ती लावायची की नाही, हे मात्र घरातल्या माणसाच्याच हाती आहे.