सुकाणूचे दोन लगाम

रेडिओच्या लहरींनीं चालणारीं लहान विमानें घडविण्याचा नाद अलीकडे पुष्कळ घरांतील मुलांस लागला आहे. पंखांची व इंजिनाची चर्चा ते हौसेनें करितात. परंतु शेपटीचें सुकाणूं वळविणाऱ्या दोन बारीक तारांकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. उतरतांना वारा आडवा आला, कीं विमानाचें व जवळ उभ्या असलेल्या माणसांचें कुशल याच तारांवर अवलंबून असतें. म्हणून त्यांविषयीं चार शब्द सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

लगाम ओढतां येतो, ढकलतां येत नाहीं, तारेचेंही तसेंच. म्हणून तारा दोन लागतात. विमानाच्या पोटांत सर्व्हो नांवाचें लहानसें विद्युत्-यंत्र असतें. त्याच्या आडव्या भुजेच्या दोन टोकांपासून तारा निघून सुकाणूच्या दोन बाजूंस बसविलेल्या शिंगांस मिळतात. एक ओढली गेली, कीं दुसरी तितकीच सुटते. मग एकच दांडी कां नको, असें कोणी विचारील. लांब दांडी वांकते. आणि सर्व्होच शेपटींत नेला, तर शेपूट जड होऊन तोल बिघडतो. टायगर मॉथ हें विमान १९३१ सालीं प्रथम उडालें. त्याच्या सुकाणूच्या तारा पाठीमागच्या अंगावर उघड्याच दिसतात. त्याच्या प्रतिकृतींत तर ही रचना हवीच.

खरी गोम भूमितींत आहे. भुजेवरील दोन भोकांत जितकें अंतर, तितकेंच शिंगांवरील भोकांत असावें, आणि शिंगांचीं भोकें बरोबर बिजागरीच्या रेषेवर यावीं. म्हणजे समांतरभुज चौकोन साधतो व सुकाणूं वळलें तरी दोन्ही तारांचा ताण कायम राहतो. भोकें रेषेच्या मागें गेलीं, तर वळतांना ढिलाई येते. पुढें गेलीं, तर ताण वाढून सर्व्होवर भार पडतो.

जोडणीपूर्वीं ट्रान्समिटर सुरू करून ट्रिम शून्यावर ठेवावें व भुजा तारांशीं काटकोनांत बसवावी. सुकाणूं दोन पट्ट्या व चिमटे लावून मध्यावर स्थिर करावें. नायलॉनचें वेष्टण असलेली पिळाची पोलादी तार घ्यावी. तिचें टोक पितळी नळींतून काढून आट्यांच्या जोडकाच्या भोकांत ओंवावें, परत नळींत आणावें, पुन्हां एक वेढा द्यावा आणि मग नळी पकडीनें दाबावी. आटे फिरवून पुढें ताण कमीजास्त करितां येतो. तार कोठेंही लाकडास घासूं देऊं नये.

ताण किती द्यावा? सतारीसारखा नव्हे! तशानें सर्व्होचा आंस झिजतो. सुकाणूं हातानें हलविलें असतां डुगडुगूं नये, इतकाच पुरे. शेवटीं ट्रान्समिटरची कांडी उजवीकडे नेली असतां सुकाणूंही उजवीकडेच वळतें कीं नाहीं, तें मागें उभें राहून पाहावें. हें उलटें झालें तर पहिलेंच उड्डाण शेवटचें ठरतें. पुढेंही रोज उड्डाणापूर्वीं प्रत्येक तार एकदां ओढून पाहावी.

नाटकांतील सूत्रधार थोडाच वेळ दिसतो, पण सगळा खेळ त्याच्यावर चालतो. या दोन तारांचें तसेंच आहे. मुलांच्या हातीं विमान देणाऱ्या वडील मंडळींनीं त्या एकदां तरी स्वतः तपासाव्या, एवढेंच आमचें सांगणें.