जामीनदार नाही, म्हणून मत नाही

रायपूरचा गोल बाजार म्हणजे शहराच्या ऐन मध्यावरची जुनी पेठ. मसाले, भांडी, पूजेचं आणि लग्नाचं सामान, आणि या सगळ्याची ओझी वाहणारे हमाल. या पेठेतली दोन माणसं कल्पनेनंच डोळ्यांसमोर आणू. एक घाऊक व्यापारी. भेसळीच्या खटल्यात त्याला शिक्षा झाली, त्यानं वरच्या कोर्टात अपील केलं, शिक्षा तहकूब झाली आणि तो जामिनावर सुटून पुन्हा गल्ल्यावर बसला. दुसरा हमाल. पितळी भांड्यांचं एक पोतं लांबवल्याचा त्याच्यावर आरोप आहे. जामीन मंजूर झालाय, पण जामीनदार मिळत नाही, म्हणून तो सेंट्रल जेलमध्ये आहे. 7 मे 2024 रोजी रायपूर लोकसभेसाठी मतदान झालं. त्या दिवशी कायद्यानं यांच्यापैकी व्यापाऱ्याच्या बोटाला शाई लागू शकत होती, हमालाच्या नाही. गुन्हा शाबीत झालेला मतदार ठरतो आणि ज्याचा खटला अजून उभाही राहिलेला नाही तो मतदानाबाहेर राहतो, असा हा कायदा आहे.

हा कायदा म्हणजे लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 मधलं कलम 62(5). एक अपवाद सोडला तर तुरुंगात किंवा पोलिसांच्या कायदेशीर ताब्यात असलेल्या कोणालाही मत देता येणार नाही, एवढंच ते सांगतं. शिक्षा झालीय की नाही, गुन्हा कोणता, हे ते विचारत नाही. त्यात काळ्या पाण्याच्या शिक्षेचाही उल्लेख आहे, आणि ती शिक्षा तर 1955 च्या दुरुस्तीनं इतिहासजमा झाली. अमेरिकेत वाद असतो तो शिक्षा भोगून आलेल्यांना मत परत द्यायचं का, याचा. फ्लोरिडाच्या मतदारांनी 2018 मध्ये मोठ्या बहुमतानं ‘द्या’ म्हणून कौल दिला, तर पुढच्याच वर्षी तिथल्या विधिमंडळानं आधी दंड आणि कोर्टाची देणी फेडण्याची अट घातली. आपल्याकडे तो वाद जवळपास नाही. तुरुंगाच्या फाटकाबाहेर पाऊल पडलं की मत परत, मग मागे खुनाची शिक्षा का असेना. ही उदारता कौतुकास्पद खरी, पण तिची दुसरी बाजू कोणी पाहत नाही. आपल्या कायद्यात मताचा निकाल बहुतेक वेळा भिंतीच्या आत की बाहेर एवढ्यावरच लागतो.

याचं रायपूरमधलंच ठळक उदाहरण मानवाधिकार कार्यकर्ते डॉ. बिनायक सेन यांचं. मे 2007 मध्ये माओवाद्यांना मदत केल्याच्या आरोपावरून त्यांना अटक झाली आणि सुमारे दोन वर्षं ते आरोपी म्हणून रायपूरच्या तुरुंगात होते. या काळात छत्तीसगडात 2008 ची विधानसभा निवडणूक झाली, एप्रिल 2009 मध्ये लोकसभेची झाली. दोन्ही वेळा त्यांच्यावरचा आरोप सिद्ध झालेला नव्हता आणि दोन्ही वेळा कायद्यानं त्यांना मत नव्हतं. मे 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जामीन दिला. डिसेंबर 2010 मध्ये रायपूरच्या सत्र न्यायालयानं त्यांना राजद्रोहासाठी जन्मठेप सुनावली आणि एप्रिल 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा जामीन दिला. म्हणजे निर्दोष मानले जात होते तेव्हा मताला बंदी आणि जन्मठेप झाल्यावर, जामिनावर बाहेर असताना, कलम 62(5) ची आडकाठी नाही. सेन यांच्या राजकारणाबद्दल कोणाचं काहीही मत असो, या क्रमात तर्क शोधून दाखवावा.

सेन यांच्यासाठी देशातले नामांकित वकील उभे राहिले. हमालासाठी कोण उभं राहणार? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांत 5,73,220 कैदी होते आणि त्यांतले 4,34,302 कच्चे कैदी, म्हणजे दर चारांतले तीन. यातले किती जण केवळ ऐपतीअभावी आत राहतात, हे कोर्टाच्या आवारात तासभर उभं राहिलं तरी कळतं. महाराष्ट्रात जामीनदाराकडे सातबारा मागतात, छत्तीसगडात जमिनीची ऋण पुस्तिका. गावात ज्याच्या नावावर एक डिसमिल जमीन नाही आणि शहरात ज्याला कोणी ओळखत नाही, त्यानं ती आणायची कुठून? 1978 चा मोतीराम खटला तेव्हाच्या मध्य प्रदेशातला. एका गवंड्याकडे दहा हजारांचा जामीनदार मागितला गेला, आणि भाऊ पुढे आला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून तो नाकारला गेला. न्या. कृष्ण अय्यर यांनी त्यावर कडक ताशेरे ओढले, पण जामीनदाराचा कागद आजही सुटलेला नाही. त्यामुळे व्यवहारात मताची पात्रता ऐपतीवर येऊन ठेपते, आणि प्रौढ मताधिकार स्वीकारताना ज्या अटी आपण फेकून दिल्या त्यांतली पहिली तीच होती.

राज्यघटनेचा अनुच्छेद 326 मताधिकार काढून घेण्याची कारणं मोजून देतो: रहिवास नसणं, मनोविकलता, गुन्हा, आणि भ्रष्ट किंवा बेकायदेशीर आचार. कच्च्या कैद्याचा गुन्हा अजून ठरायचा असतो. तरीही 1997 मध्ये अनुकूलचंद्र प्रधान खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हे कलम वैध ठरवलं. बंदोबस्ताला लागणारी माणसं आणि साधनं, स्वतःच्या वर्तनानं तुरुंगात गेलेल्याचं इतरांशी समान नसणं, आणि गुन्हेगारी पार्श्वभूमीच्या लोकांना निवडणुकीपासून लांब ठेवणं, अशी कारणं दिली गेली. तिसरं कारण तर 2013 मध्ये संसदेनंच निकालात काढलं. मत देता येत नाही त्यानं उभंही राहू नये, असं सर्वोच्च न्यायालयानं त्या वर्षी जुलैत म्हटलं आणि काही महिन्यांतच दुरुस्ती करून तुरुंगातल्या उमेदवारांची वाट मोकळी करण्यात आली. मुंबईच्या कामगारांचे नेते जॉर्ज फर्नांडिस 1977 मध्ये तुरुंगातूनच मुझफ्फरपूरला निवडून आले होते. 2024 मध्ये इंजिनिअर रशीद तिहारमधून बारामुल्ला जिंकले. लाखोंनी त्यांना मत दिलं, त्यांना मात्र स्वतःचं मत देता आलं नसतं. महाराष्ट्रातही जून 2022 मध्ये तुरुंगात असलेल्या अनिल देशमुख आणि नवाब मलिक यांना राज्यसभेसाठी मतदान करू दिलं गेलं नाही. त्यांची आमदारकी मात्र शाबूत होती.

मत कधीच काढून घेऊ नये, असं मी म्हणत नाही. ते काढून घेण्याची नीट पद्धतही याच कायद्यात आहे आणि मराठी वाचकाला ती आठवावी. 1987 च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीतल्या प्रचाराबद्दल बाळासाहेब ठाकरे भ्रष्ट आचाराचे दोषी ठरले. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, निवडणूक आयोगानं शिफारस केली आणि राष्ट्रपतींच्या 1999 च्या आदेशानं त्यांचा मताधिकार, निकालापासून मोजून, डिसेंबर 2001 पर्यंत सहा वर्षांसाठी गेला. तो निर्णय पटो वा न पटो, त्याची घडण पाहा. आरोप निवडणुकीशी संबंधित, बाजू मांडायची संधी, लेखी निकाल, ठरलेली मुदत. मत जायचं तर असं जावं. शिक्षा झालेल्या कैद्यांबाबतही, गुन्हा पाहून न्यायाधीशानं निकालपत्रात तसं लिहावं. आपोआप काही होऊ नये.

सर्वांत वजनदार आक्षेप दहशतीचा आहे. बराकीतला दादा सांगेल तिथे शिक्के पडतील, ही भीती पोकळ नाही. पण कैद्याचं मत मोजलं जाईल त्याच्या घरच्या मतदारसंघात. सगळे कच्चे कैदी 543 जागांवर वाटले तर सरासरी आठशे येतात. एका तुरुंगाचा गठ्ठा एका उमेदवाराच्या पदरात पडणं त्यामुळे अवघड. गुप्ततेची खरी जोखीम कारागृहाच्या कर्मचाऱ्यांकडून आहे आणि तिथे आयोगाचं माणूस हजर असल्याशिवाय भागणार नाही. खर्चाचा आक्षेप मात्र फारसा टिकत नाही. छत्तीसगडातल्या कोरिया जिल्ह्याकडच्या जंगलात शेराडांडच्या मोजून चार-पाच मतदारांसाठी जे राज्य मतदान केंद्र उभारतं, त्याला आधीच मोजलेले, कुलपात बसलेले मतदार जड जाऊ नयेत. दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयानं 1999 मध्ये निवडणुकीला थोडे आठवडे उरले असताना कैद्यांच्या मतदानाची सोय करायला लावली आणि ती झाली. आपल्याकडे तर सोय तयारच आहे. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेत असलेल्यांना हे कलम लागू नाही. ते टपाली मतपत्रिकेनं मत देतात आणि त्यांचं घोषणापत्र तुरुंग अधीक्षक साक्षांकित करतो. ज्याला सरकार आरोपपत्राविना धोकादायक म्हणून डांबतं त्याला मतपत्रिका मिळते, शेजारच्या कोठडीतल्या हमालाला नाही. कलम 62(5) शिक्षा झालेल्यांपुरतं आखडून टपाली मतदारांच्या यादीत कच्चे कैदी घालायला घटनादुरुस्ती लागत नाही, संसदेचं साधं बहुमत पुरतं.