जुनी वेगवान मोटार : किंमत आणि खर्च

मोटारींच्या बाजारातील एक गोष्ट नवख्या माणसाला कोड्यासारखी वाटते. वीस वर्षांपूर्वी जी मोटार केवळ सधन घरांच्याच दारी उभी दिसे, ती आज एखाद्या नव्या लहान मोटारीच्या निम्म्या किमतीतही मिळून जाते. तरुणांस तिचा मोह पडतो, आणि घरातील वडीलधाऱ्यांपुढे मोठा प्रश्न उभा राहतो. मुलांच्या गप्पांतून असल्या मोटारींचा विषय वारंवार निघत असल्यामुळे त्याचा थोडा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

उदाहरणादाखल आपण एकच मोटार घेऊ. स्कोडा ऑक्टेव्हिया ही मूळची चेक देशातील. २००१ पासून तिची जुळणी औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास होऊ लागली. तिचाच वेगवान अवतार म्हणजे ऑक्टेव्हिया आर. एस. आपल्याकडील पहिल्या आर. एस. मोटारीत १.८ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन असून त्याची शक्ती १५० अश्वशक्ती होती. चार सिलिंडर आणि प्रत्येक सिलिंडरला पाच झडपा, अशी त्याची रचना. त्या काळी हे बळ थोडे नव्हते. आज या मोटारी वीस वर्षांच्या आसपास पोहोचल्या असून, मीटरवर दीड लाख किलोमीटरचा आकडा दिसणे हे त्यांच्या बाबतीत नवल नव्हे.

परंतु हा आकडा नेमके काय सांगतो? विद्यार्थ्यांनी एक सोपे गणित करून पाहावे. दीड लाख किलोमीटर ताशी सरासरी ६० किलोमीटर वेगाने कापले, तर इंजिन २,५०० तास चालले. तेच अंतर शहराच्या गर्दीत ताशी ३० च्या सरासरीने कापले, तर ५,००० तास! आकडा एकच, पण श्रम दुप्पट. शिवाय गर्दीत क्लच आणि गिअर यांची झीज होते ती वेगळीच. थंड इंजिन सुरू करून दोन किलोमीटरांवर बंद करणे, हे तर तेलाला आणि धातूला दोघांनाही बाधते. आणि मीटरचा आकडा मागे फिरविणारे महाभाग बाजारात आहेत, हेही विसरता येत नाही. म्हणून दर सर्व्हिसिंगची पावती जपून ठेवलेली दीड लाखांची मोटार आम्ही पसंत करू. एकही कागद नसलेली साठ हजारांची मोटार करणार नाही.

आता इंजिनाकडे वळू. टर्बो हा धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूवर फिरणारा एक लहानसा पंखा होय. त्याच दांड्यावरील दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो, त्यामुळे अधिक पेट्रोल जाळता येते आणि लहान इंजिनातून मोठे बळ मिळते. हा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो, आणि त्याला सांभाळते ती केवळ तेलाची पातळ फिल्म. जुन्या मालकाने हलके तेल वापरले असेल, किंवा तेल बदलण्यास आळस केला असेल, तर ते त्या उष्णतेत जळून कोळशासारखे साचते व तेलाच्या वाटा बुजवू लागते. मोटार पाहावयास जाताना इंजिन पूर्ण थंड असावे, असा आग्रह धरावा. प्रथम सुरू करताना निळसर धूर आला, तर तेल जळत आहे असे समजावे. तेलाच्या झाकणाखाली दुधी साय दिसली, तर पाणी तेलात मिसळत असल्याचा संशय घ्यावा.

याहून मोठा धोका डोळ्यांना दिसतच नाही. या इंजिनात झडपांची उघडझाप टायमिंग बेल्टच्या द्वारे चालते. हा दातेरी रबरी पट्टा चालत्या मोटारीत तुटला, तर उघड्या राहिलेल्या झडपांवर पिस्टन आदळतात व क्षणार्धात इंजिनाची दुर्दशा होते. त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंपही फिरतो, आणि पूर्वीच्या काही पंपांतील प्लास्टिकचे पाते वयोमानाने तडकते. म्हणून पट्टा, त्याचा ताण राखणारी कप्पी व पंप ही सारी एकदमच बदलावीत, हेच शहाणपणाचे. "पट्टा मागच्याच वर्षी बदलला," असे विकणाऱ्याने सांगितले आणि पावती दाखविली नाही, तर तो बदललेला नाही असेच धरून चालावे. प्रत्येक सिलिंडरची प्रज्वलन-कॉइल वेगळी असल्याने त्यांतील एखादी बिघडली तरी मोटार थरथरते. पण ते दुखणे त्या मानाने किरकोळ.

ब्रेक व टायर यांच्या बाबतीत मात्र काटकसर आम्हांस मुळीच मान्य नाही. वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते, हे भौतिकशास्त्राच्या तासाला आपण शिकतोच. ती सारी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने ब्रेकनाच सोसावी लागते. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते, म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलावे. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालातील तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी सात-आठ वर्षांचे कडक झालेले रबर अशा वेगवान मोटारीखाली नको.

खर्चाचे मर्म असे की, मोटारीची किंमत उतरते, पण तिच्या सुट्या भागांची किंमत तिच्याबरोबर उतरत नाही. तीन लाखांना घेतलेल्या मोटारीचा टर्बो तीन लाखांच्या हिशेबाने मिळत नसतो! किमतीच्या निदान एक-तृतीयांश इतकी रक्कम पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी वेगळी ठेवता येत नसेल, तर हा व्यवहार करू नये, असे आमचे मत आहे. ज्या घरात एकच मोटार आहे आणि दवाखान्यापासून लग्नकार्यापर्यंत सर्व तिच्यावरच अवलंबून आहे, त्या घराने तर हा नाद सोडावा. भाग येईपर्यंत ती आठ-पंधरा दिवस मिस्त्र्याकडे उभी राहिली, तर घर अडते. मात्र दुसरी साधी मोटार घरी आहे, जवळपास जाणता मिस्त्री आहे आणि हातात हत्यारे घेण्याची हौस आहे, अशा माणसाने ती अवश्य घ्यावी. एवढ्या पैशांत इतकी भक्कम बांधणी व इतका आनंद दुसरीकडे मिळणे कठीण.

कागदपत्रांचे दोन शब्द सीमाभागातील कुटुंबांकरिता. पुण्याहून वा कोल्हापुराहून मोटार घेऊन ती बेळगावात बारा महिन्यांहून अधिक ठेवावयाची, तर तिची कर्नाटकात नव्याने नोंदणी करून तेथील कर भरावा लागतो. त्यासाठी मूळ परिवहन कार्यालयाचा ना-हरकत दाखला म्हणजे नमुना २८ हवा. मालकी बदलण्यास नमुने २९ व ३० हवेत. आणि पूर्वीच्या मालकाने कर्ज काढले असल्यास ते फिटल्याचा नमुना ३५. पंधरा वर्षांनंतर तपासणी करून नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते, आणि वीस वर्षांहून जुन्या मोटारीसाठी हे शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये दहा हजार रुपयांपर्यंत वाढविण्यात आले. हा आकडा सौदा ठरवितानाच हिशेबात धरावा, आणि ना-हरकत दाखला हाती पडेपर्यंत विकणाऱ्यास पूर्ण रक्कम देऊ नये.