विश्लेषण : रुग्णाच्याच रक्ताने चिकटते नवी त्वचा! त्वचारोपणात ‘पीआरपी’चा उपयोग नेमका किती?

भाजल्यामुळे, अपघातामुळे किंवा मधुमेहातील जुनाट जखमेमुळे त्वचेचा मोठा भाग गेला, की डॉक्टर त्वचारोपणाचा सल्ला देतात. काही रुग्णालयांत या शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाचेच थोडे रक्त काढून त्यातील प्लेटलेट जखमेवर लावल्या जातात. याला ‘प्लेटलेट रिच प्लाझ्मा’ म्हणजेच पीआरपी म्हणतात. केसगळतीच्या उपचारांमुळे हे नाव अनेकांनी ऐकलेले असते. त्वचारोपणात मात्र त्याचे काम वेगळे आहे. ते कोणते? त्याने खरेच फायदा होतो का? जाणून घेऊ या.

त्वचारोपण कसे केले जाते?

बहुतेक वेळा रुग्णाच्या मांडीवरून त्वचेचा अगदी पातळ थर काढला जातो. त्याची जाडी अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी असते. हा थर, म्हणजे ग्राफ्ट, स्वच्छ केलेल्या जखमेवर पसरून टाके किंवा स्टेपलने बसवतात आणि वरून घट्ट ड्रेसिंग करतात. मांडीवरची जागा साधारण दोन आठवड्यांत भरून येते.

मृत्यूनंतर दान केलेली त्वचाही वापरली जाते. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० सालापासून त्वचापेढी आहे. मात्र दान केलेली त्वचा हे तात्पुरते आवरण असते, काही आठवड्यांनी शरीर ती नाकारते. कायमची त्वचा रुग्णाच्या स्वतःच्याच अंगावरून घ्यावी लागते. ज्याचे निम्मे शरीर भाजले आहे, त्याच्याकडे अशी त्वचा मोजकीच उरलेली असते. एक ग्राफ्ट वाया जाणे म्हणजे पुन्हा शस्त्रक्रिया, पुन्हा भूल आणि अंगावर आणखी एक जखम.

ग्राफ्ट निकामी का होतो?

काढलेल्या त्वचेचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. पहिले एक-दोन दिवस ती जखमेतून पाझरणारा द्रव शोषून जगते. त्यानंतर जखमेतील आणि ग्राफ्टमधील सूक्ष्म रक्तवाहिन्यांची तोंडे जुळू लागतात. पाच ते सात दिवसांत रक्तपुरवठा बऱ्यापैकी सुरू होतो.

आंब्याचे कलम बांधताना फांदी हलू नये म्हणून पट्टी घट्ट गुंडाळतात, त्यामागचे कारण इथेही लागू पडते. ग्राफ्ट जरासा सरकला, तरी नुकत्याच जुळलेल्या रक्तवाहिन्या तुटतात. त्याच्याखाली रक्त किंवा पाणी साचले, तर जखमेशी संपर्कच राहत नाही. फरशीखाली पोकळी राहिली, की ती पुढे सुटते, तसेच हे. तिसरे मोठे कारण म्हणजे जंतुसंसर्ग.

रक्तातून पीआरपी कसे तयार होते?

रुग्णाचे रक्त गोठू न देणारे रसायन असलेल्या नळीत घेतात आणि सेंट्रिफ्यूज यंत्रात वेगाने फिरवतात. दुधातून मलई वेगळी करणारे यंत्र याच तत्त्वावर चालते. जड तांबड्या पेशी तळाशी बसतात आणि वर पिवळसर प्लाझ्मा राहतो. तो बहुधा पुन्हा एकदा फिरवून त्यातील प्लेटलेट कमी द्रवात गोळा केल्या जातात. निरोगी व्यक्तीच्या एक मायक्रोलिटर रक्तात दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात. चांगल्या पीआरपीमध्ये हे प्रमाण १० लाखांच्या आसपास असावे, असे मानले जाते.

जखमेवर लावताना त्यात अनेकदा कॅल्शियम क्लोराइड मिसळतात. त्यामुळे थांबवलेली गोठण्याची प्रक्रिया पुन्हा सुरू होते आणि द्रवाचा चिकट जेल बनतो.

हा जेल जखमेवर काय करतो?

त्याची दोन कामे सांगितली जातात. पहिले चिकटवण्याचे. प्लाझ्मातील फायब्रिनोजेनपासून फायब्रिनचे धागे तयार होतात. हे जाळे ग्राफ्टला जखमेवर धरून ठेवते, बारीक रक्तस्राव थांबवते आणि खालची पोकळी कमी करते.

दुसरे काम वाढीला चालना देण्याचे. प्लेटलेटमध्ये ‘ग्रोथ फॅक्टर’ नावाची प्रथिने साठवलेली असतात. ती नव्या रक्तवाहिन्या आणि पेशी तयार होण्याचा संदेश देतात. प्लेटलेट सक्रिय झाल्यावर यातील बहुतांश प्रथिने पहिल्या तासाभरातच बाहेर पडतात. त्यामुळे जेल बनवल्यानंतर तो लगेच वापरावा लागतो.

ही कल्पना नवी आहे का?

नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४ मध्ये, अमेरिकेतील डॉक्टरांनी फायब्रिनोजेन आणि थ्रॉम्बिन हे रक्तातील दोन घटक वापरून ग्राफ्ट चिकटवले होते. मात्र तेव्हा फायब्रिनोजेनचे प्रमाण कमी असल्याने पकड पुरेशी मजबूत होत नव्हती. पुढे दात्यांच्या प्लाझ्मापासून तयार ‘फायब्रिन ग्लू’ बनू लागला. भाजलेल्या रुग्णांचे ग्राफ्ट चिकटवण्यासाठी ‘आर्टिस’ या ग्लूला २००८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने मान्यता दिली. तो सावकाश घट्ट होतो, त्यामुळे त्वचा नीट बसवायला शल्यविशारदाला वेळ मिळतो. पीआरपीमध्ये रुग्णाचेच रक्त वापरले जात असल्याने दात्याची गरज पडत नाही.

अभ्यास काय सांगतात?

बेंगळूरुच्या डॉक्टरांचा २०० रुग्णांवरील अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटात पीआरपी, तर दुसऱ्यात नेहमीचे टाके आणि स्टेपल वापरले गेले. पीआरपीच्या गटात ग्राफ्ट लगेच चिकटले. त्याखाली रक्त साचण्याचे प्रमाण कमी होते, ड्रेसिंग कमी वेळा करावे लागले आणि रुग्णालयातील मुक्कामही कमी झाला.

नेदरलँड्समधील २०१६ च्या अभ्यासाने मात्र वेगळे चित्र दाखवले. तिथे भाजलेल्या ५२ रुग्णांत एकाच रुग्णाच्या जखमेचा एक भाग पीआरपी लावून आणि दुसरा न लावता तपासला गेला. पाच ते सात दिवसांनी ग्राफ्ट धरण्याच्या प्रमाणात दखल घेण्याजोगा फरक आढळला नाही. पुढे व्रणाच्या दर्जातही तो दिसला नाही.

म्हणजेच ग्राफ्ट चिकटवून जागेवर ठेवण्यात पीआरपीची मदत होते, असे दिसते. ‘जखम दुप्पट वेगाने भरते’ किंवा ‘व्रण राहत नाही’ अशा दाव्यांना मात्र तितका आधार नाही. प्रत्येक ठिकाणी पीआरपी बनवण्याची पद्धत आणि प्लेटलेटचे प्रमाण वेगळे असल्याने निष्कर्षांची थेट तुलनाही अवघड जाते.

आपलेच रक्त, मग धोका नाही?

ॲलर्जीची किंवा दुसऱ्याच्या रक्तातून आजार येण्याची भीती कमी होते, हे खरे. पण रक्त काढणे, फिरवणे आणि लावणे या प्रत्येक टप्प्यावर निर्जंतुकता पाळावी लागते. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधील एका विनापरवाना स्पामध्ये पीआरपीचे ‘व्हॅम्पायर फेशियल’ घेतलेल्या महिलांना एचआयव्हीची लागण झाली. सीडीसीने २०२४ मध्ये त्याचा अहवाल दिला. तपासात तिथे लेबल नसलेल्या रक्ताच्या नळ्या सापडल्या होत्या. तो सौंदर्योपचार होता, पण नळी कोणाची आणि सुई नवी आहे का, हे प्रश्न रुग्णालयातही तितकेच महत्त्वाचे आहेत.

प्लेटलेट कमी असलेले, रक्तात जंतुसंसर्ग पसरलेले किंवा रक्त पातळ करणारी औषधे घेणारे रुग्ण यांच्यासाठी ही पद्धत योग्य असेलच असे नाही.

डॉक्टरांना काय विचाराल?

- माझ्या जखमेसाठी पीआरपीची गरज का आहे? टाके आणि ड्रेसिंग पुरेसे नाही का?
- त्याचा वेगळा खर्च किती? विमा किंवा सरकारी योजनेत तो बसतो का?
- पीआरपी कुठे आणि कोण तयार करणार?
- सुरू असलेल्या गोळ्यांचा, विशेषतः ॲस्पिरिनचा, त्यावर परिणाम होईल का? (डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद करू नका.)

पीआरपी लावले तरी बाकीची पथ्ये टळत नाहीत. जखम आधी स्वच्छ आणि संसर्गमुक्त हवी, साखर नियंत्रणात हवी, आहारात पुरेशी प्रथिने हवीत आणि ग्राफ्टचा भाग पहिले काही दिवस हलता कामा नये. पायावर ग्राफ्ट असेल, तर डॉक्टर सांगेपर्यंत पाय खाली सोडून बसू नका. तंबाखू आणि सिगारेटने रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे त्या पूर्ण बंद ठेवा. यात हलगर्जी झाली, तर पीआरपी लावूनही ग्राफ्ट निकामी होऊ शकतो.