उडून गेलेल्या पाण्याचा जमाखर्च

राष्ट्रीय उत्पन्नाच्या मोजणीचा धडा शिकविताना हस्तांतरित देणी उत्पन्नात का धरावयाची नाहीत, हे विद्यार्थ्यांना समजावून सांगावे लागते. बापाने मुलाला दिलेले शंभर रुपये घरातच राहतात. त्यामुळे घराचे उत्पन्न वाढत नाही आणि घटतही नाही. गेल्या वर्षी हा तास संपल्यावर दुष्काळी पट्ट्यातून आलेला एक विद्यार्थी माझ्यापाशी थांबला आणि म्हणाला, "सर, गावात सगळ्यांनी ठिबक बसवलं. पाणी वाचतं म्हणतात. मग विहिरी पहिल्यापेक्षा लवकर का आटतात?" हा प्रश्न आपल्या विषयाचा नव्हे, असे वाटून मी त्याला भूगोलाच्या प्राध्यापकांकडे पाठविणार होतो. पण विचार करता लक्षात आले की, त्याच्या प्रश्नाचे उत्तर नुकत्याच संपलेल्या तासातच होते.

शेताला दिलेल्या पाण्याचे दोन भाग पडतात. एक भाग जमिनीत पाझरतो आणि पुन्हा विहिरीत, ओढ्यात किंवा खालच्या गावात प्रकट होतो. हे बापाने मुलाला दिलेले शंभर रुपये होत. दुसरा भाग पिकाची मुळे शोषून घेतात आणि पानांवरील सूक्ष्म रंध्रांतून वाफेच्या रूपाने हवेत सोडतात. काही पाणी ओल्या मातीतूनही उडते. हा खरा खर्च होय. शोषलेल्या पाण्यापैकी जेमतेम शेकडा एक-दोन भागच वनस्पती स्वतःच्या अंगी ठेवते. उपसा म्हणजे खर्च नव्हे. उडालेले पाणी हाच खर्च. मात्र उपसा पंपाच्या मीटरवर दिसतो आणि उडालेले पाणी कोणालाच दिसत नाही.

कुंडीपासून उपग्रहापर्यंत

हे अदृश्य पाणी मोजण्याची धडपड जुनी आहे. इंग्लंडमधील स्टीफन हेल्स या धर्मोपदेशकाने साडेतीन फूट उंचीचे सूर्यफूल कुंडीत लावून, कुंडीचे तोंड पत्र्याने झाकून, ती रोज सकाळ-संध्याकाळ तोलली. झाड दिवसाला सरासरी वीस औंस पाणी हवेत सोडते, असे त्याला आढळले. हा प्रयोग १७२७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. मातीसह पीक तोलणारा आजचा लायसिमीटर म्हणजे हेल्सच्या कुंडीचाच मोठा अवतार आहे.

परंतु अरण्य तराजूत कसे घालावयाचे? विसाव्या शतकाच्या अखेरीस शास्त्रज्ञांनी वनांत व शेतांत उंच मनोरे उभारले. वाऱ्याचे वर-खाली होणारे झोत आणि त्यांतील बाष्प ही दोन्ही तेथील उपकरणे सेकंदाला दहा-वीस वेळा टिपतात. अशा मनोऱ्यांचे जाळे आज जगभर पसरले आहे. तथापि ते युरोप-अमेरिकेत दाट आणि आफ्रिका-आशियात विरळ आहे. ही उणीव उपग्रह काही अंशी भरून काढतात. त्यामागील तत्त्व घरातील माठाचेच आहे. माठातले पाणी पाझरून उडते म्हणून माठ गार राहतो. त्याचप्रमाणे पाणी सोडणारे रान कोरड्या रानापेक्षा थंड राहते. २०१८ साली आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर बसविलेले इकोस्ट्रेस हे उपकरण जमिनीचे हे तापमान सुमारे सत्तर मीटरच्या तुकड्यापर्यंत वाचते, आणि त्यावरून पाणी किती उडाले याचा हिशेब मांडता येतो.

हा हिशेब अद्याप पक्का झालेला नाही, हेही सांगितले पाहिजे. जगाच्या भूभागावर पडणाऱ्या पावसापैकी ढोबळमानाने तीन-पंचमांश, म्हणजे वर्षाला सुमारे ७० हजार घन किलोमीटर पाणी, पुन्हा हवेत जाते. त्यातील वनस्पतींचा वाटा शेकडा ८० ते ९० असल्याचे २०१३ साली एका संशोधनाने मांडले. पुढच्याच वर्षी दुसऱ्या संशोधनाने तो सुमारे ६१ वर आणला. ८० आणि ६१ यांतील अंतर म्हणजे १३ हजार घन किलोमीटर पाणी, काठोकाठ भरलेली सुमारे चार हजार उजनी धरणे! ज्या शास्त्रात एवढी तफावत संभवते, त्याच्या आकड्यांवर धोरण आखताना सावधगिरी हवी, हे उघड आहे.

बचतीचा भास

आता त्या विद्यार्थ्याच्या गावाकडे वळू. केवळ उदाहरणादाखल काही आकडे घेऊ. पूर्वी एक शेतकरी विहिरीतून १०० भाग पाणी उपसून पाटाने देत होता. त्यातील ६० भाग पिकाने व मातीने उडविले आणि ४० भाग पाझरून परत आले. ठिबकावर त्याच पिकाला ६५ भाग पुरले; ५५ उडाले, १० परत आले. उपशात ३५ भागांची बचत दिसली, पण खरी बचत झाली अवघी पाच भागांची. पुढे त्या ३५ भागांवर त्याने आणखी रान भिजविले. उपसा पुन्हा १०० झाला. मात्र आता उडाले ८५ आणि परत आले १५. मीटरचा आकडा तोच, शेतकरी काटकसरी, पीक उत्तम. आणि तरीही विहिरीची झीज ६० वरून ८५ वर गेली.

अर्थशास्त्राला हा अनुभव नवा नाही. कोळशाचा वापर कार्यक्षम झाला की कोळसा कमी नव्हे तर अधिकच लागतो, असे विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स याने १८६५ सालीच दाखवून दिले होते. सिंचनाच्या बाबतीतील हाच विरोधाभास २०१८ साली अनेक देशांतील तज्ज्ञांनी एकत्र येऊन मांडला. याचा अर्थ ठिबक वाईट असा मुळीच नाही. त्याने वीज वाचते, खत वाचते, उत्पन्न वाढते. जेथे पाझरलेले पाणी खाऱ्या थरात किंवा समुद्रात जाऊन वाया जाते, तेथे पाण्याची बचतही खरीच असते. दोष यंत्राचा नाही. भिजणाऱ्या क्षेत्राला मर्यादा न घालता बचतीची अपेक्षा धरणाऱ्या धोरणाचा आहे.

मोजमाप आणि न्याय

मोजणीतून धोरण कसे उभे राहते, हे दक्षिण आफ्रिकेत पाहावयास मिळते. लावलेल्या पाइनच्या वनांमुळे ओढे आटतात, अशी तेथील शेतकऱ्यांची तक्रार होती. १९३० च्या दशकात योंकर्सहुक येथे शेजारशेजारच्या पाणलोटांत प्रयोग सुरू झाले. काहींत पाइन लावले, काहीं मूळच्या झुडुपांसह तसेच ठेवले, आणि दोहोंचे प्रवाह वर्षानुवर्षे मोजले. शेतकऱ्यांचे म्हणणे खरे ठरले. १९७२ पासून तेथे व्यापारी वनलागवडीला परवाना लागू लागला, आणि १९९८ च्या राष्ट्रीय जलकायद्याने अशा लागवडीस पाण्याचा वापर म्हणूनच गणले. झाड लावणे हे पाणी घेणे आहे, हे एका राज्यसंस्थेने कायद्याने मान्य केले.

म्हणून झाडे तोडावीत काय? मुळीच नाही. उडालेले पाणी जगाच्या हिशेबातून नाहीसे होत नाही. ॲमेझॉनच्या अरण्याने सोडलेली वाफ त्याच खोऱ्यात पुन्हा पाऊस होऊन पडते, हे १९७० च्या दशकातील संशोधनाने दाखविले आहे. पण ढग कोठे बरसावे हे गावाच्या हाती नसते. जगाची जमा ती गावाची जमा नव्हे.

आणि उपग्रह किती पाणी उडाले ते सांगेल. ते कोणी उडवावे, हे सांगणार नाही. तो प्रश्न १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी हाती घेतला. त्यांच्या पाणी पंचायतीने पाण्याचा हक्क जमिनीवर नव्हे तर माणशी ठरविला: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला अधिकात अधिक अडीच एकर. भूमिहीनांनाही वाटा दिला आणि उसाला मनाई केली. त्यांच्यापाशी अंतराळातील उपकरण नव्हते, पण क्षेत्र आणि पीक या दोहोंवर मर्यादा घालून त्यांनी नेमका उडणारा खर्चच आवरला. पावसानंतर गावातील पाणी मोजून मग पिके ठरविणारे हिवरे बाजारही त्याच वाटेने गेले.

तेव्हा ठिबकाला अनुदान देताना शासनाने नळ्यांबरोबरच भिजणारे एकूण क्षेत्रही नोंदवावे, आणि गावोगावच्या पाण्याच्या अंदाजपत्रकात उपशाबरोबर उडालेल्या पाण्याचाही रकाना असावा, एवढी मागणी करणे अवाजवी ठरू नये. त्या विद्यार्थ्याला मी हेच सांगितले. त्याने वहीत दोन रकाने आखले आणि विचारले, "पण सर, पहिल्यांदा रान कमी कुणी करायचं?" या प्रश्नासाठी त्याला दुसऱ्या कोणाकडे पाठविण्याची सोय मला राहिली नव्हती.