कांपोसांतोची उतरवलेली भित्तिचित्रे

इटलीतील पीसा शहरात झुकत्या मनोऱ्याशेजारी कांपोसांतो ही ओवऱ्यांनी वेढलेली जुनी दफनभूमी आहे. तिचे बांधकाम १२७८ च्या सुमारास सुरू झाले. पुढील दोन शतकांत बुफालमाक्को, स्पिनेल्लो आरेतिनो, बेनोत्सो गोत्सोली आदी चित्रकारांनी ओवऱ्यांच्या भिंती रंगवल्या. बुफालमाक्कोचे ‘मृत्यूचा विजय’ हे त्यांतील सर्वांत प्रसिद्ध चित्र.

दुसऱ्या महायुद्धात, २७ जुलै १९४४ रोजी, तोफगोळ्यामुळे छत पेटले. छतावरचे शिसे वितळून भिंतींवर ओघळले आणि आगीच्या धगीने गिलावा सुटू लागला. उरलेली चित्रे वाचवण्यासाठी ती ‘स्त्राप्पो’ पद्धतीने भिंतीवरून उतरवावी लागली. या पद्धतीत चित्रावर सरसाने कापड चिकटवतात. वाळताना सरस आकसतो आणि रंगाचा पातळ थर ओढून धरतो. मग कापडासह तो थर सोलून निघतो. त्याच्या पाठीला दुधातील केसीनपासून केलेल्या चिकटद्रव्याने नवे कापड लावतात आणि पुढचे कापड गरम पाण्याने सोडवतात. पीसामध्ये रंगाचा थर निघाल्यावर त्याखालची तांबड्या मातीच्या रंगातली मूळ रेखाटने, म्हणजे सिनोपिया, उजेडात आली. तीही उतरवून घेण्यात आली; १९७९ पासून त्यांचे स्वतंत्र संग्रहालय आहे.

चित्रे अॅस्बेस्टॉस-सिमेंटच्या तक्त्यांवर बसवली गेली आणि तिथेच नवे दुखणे सुरू झाले. हवेतील ओलावा कमी-जास्त होताना केसीनचा थर खराब होत गेला आणि रंगाचे पोपडे सुटू लागले. त्यामुळे चित्रे पुन्हा सोडवून, जुने कापड व चिकटद्रव्य काढून हलक्या तक्त्यांवर बसवण्याचे मोठे काम हाती घेण्यात आले. सिस्टीन चॅपेलच्या छताचे काम केलेले जानलुइजी कोलालुच्ची त्यात अग्रणी होते. स्पिनेल्लोच्या एका चित्रावर सरस इतका घट्ट झाला होता की नेहमीच्या उपायांनी तो निघेना. तेव्हा ‘स्यूडोमोनास स्टुट्झेरी’ हे जिवाणू कापसातून चित्रावर ठेवले गेले. त्यांनी सरसातील प्रथिने पचवली आणि रंगाला धक्का न लागता कापड सुटले.

चित्रे मूळ जागी परतली, तरी ओवऱ्या अंगणाच्या बाजूने उघड्याच आहेत. थंड पृष्ठभागावर दव धरू नये, म्हणून तक्त्यांच्या पाठीमागे गरजेपुरती ऊब देणारी यंत्रणा बसवली आहे. ‘मृत्यूचा विजय’ २०१८ मध्ये आपल्या भिंतीवर परतले. भिंत, गिलावा आणि रंग मिळून भित्तिचित्र होते. म्हणून आज ते उतरवणे हा शेवटचाच उपाय मानतात. उतरवलेच, तर नवा आधार रंगाला इजा न करता पुढे बदलता येईल, असा निवडतात.